जानेवारीच्या थंडीत हिमाचलला ट्राउट गळाला लागेल का?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की हिमाचलला जायचं आहे, उजनी धरणावर गळ टाकायची सवय आहे, तर तीर्थन नदीत फ्लाय फिशिंग (गळाला खोटी माशी बांधून मासेमारी) करून ट्राउट मासा मिळेल का. मीही सोलापूरचाच, म्हणून स्पष्टच सांगतो. जानेवारीत रजा घालवू नका, मार्चच्या पहिल्या आठवड्यात जा.

हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो विणीचा काळ. मादी शेपटीनं वाळू-खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. पाणी इतकं गार असतं की पिल्लं बाहेर यायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या काळात आपण नुसते पाण्यात चाललो तरी बुटाखाली शेकडो अंडी चिरडतात. आपल्याला ती दिसतही नाहीत. हा मासा मुळात इथला नाही, 1909 मध्ये काश्मीरातून कुल्लूत आणून सोडलेला. तो आजही नदीत आपला आपण वाढतोय तो या चार महिन्यांच्या शांततेमुळे. मार्चमध्येसुद्धा स्वच्छ, फिकट खडीचा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका.

मार्च कशासाठी? एप्रिल सरता सरता बर्फ वितळायला लागतो आणि नदी गढूळ होते. मार्चच्या सुरुवातीला पाणी कमी, नितळ आणि अजून हिवाळ्याइतकंच गार असतं. म्हणजे थंडीतली मासेमारी तुम्हाला मिळतेच, फक्त परवाना घेऊन.

आता खरी गोष्ट. उजनीत चिलापी गळ ओढते, बोंडी (पाण्यावर तरंगणारं बूच) टकटक हलते, आपण झटका देतो. ट्राउट गार पाण्यात तसं काही करत नाही. माशाचं अंग पाण्याइतकंच गार. पाणी चार-पाच अंशांवर असलं की त्याला भूक कमी आणि पचन मंद, मग तो खाण्यामागे धावत नाही. डोहात, मोठ्या दगडाच्या आडोशाला, तळाशी थांबून राहतो. खाणं तोंडासमोर आलं तरच तोंड उघडतो. पहिल्या दिवशी मी सकाळी सातपासून पाण्यात उभा होतो, हाताला काही लागलं नाही. दुपारी बाराच्या उन्हात एक दगड उलटून बघितला, तर खाली बोटाच्या पेराएवढे काळपट किडे चिकटलेले. गळावर दोरा-पिसं बांधून केलेली ‘माशी’ त्याच किड्यासारखी हवी, वर धातूचा जड मणी हवा, म्हणजे ती तळ गाठते. ती ओढायची नाही, प्रवाहाच्या वेगानं वाहू द्यायची. मग दोरी वाहता वाहता क्षणभर थांबली. ओढ नाही, हिसका नाही, नुसती थांबली. तोच मासा होता, आणि मी उजनीसारखा झटका दिल्यामुळे तो सुटला. नंतर रॉड हलकेच वर उचलायला शिकलो तेव्हा मासे लागले. अकरा ते तीन हीच खरी वेळ, उन्हानं पाणी एखाद-दोन अंश चढतं तेवढंच त्याला पुरतं.

फेकणं मात्र आधी शिकून जा. आपल्या तंगुसात (नायलॉनच्या दोऱ्यात) वजन गळाजवळ असतं, त्याच्या जोरावर गळ लांब जातो. फ्लायमध्ये वजन जाड दोरीला असतं, माशी नुसती मागून जाते. चार किंवा पाच नंबरचा, नऊ फुटी रॉड पुरे. पहाटे मोकळ्या मैदानावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून महिनाभर हात बसवा. हात बसला की उजनीच्या बॅकवॉटरला चिलापीवर करून बघा, छोट्या माशीला ती छान येते. तिथं ज्यांची जाळी असतात त्यांना आधी विचारा.

कपड्यांचं ऐका. आपली सोलापुरी चादर खोलीवर पांघरायला न्या, पण नदीकाठी अंगात सुती काही नको. सुती कापड ओलं झालं की गारठा धरून ठेवतं. लोकरीचे मोजे, लोकरीची बंडी, आणि पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. पाय बधिर झाले की दगड कळत नाही. कपड्यांचा रंग मातकट ठेवा, नितळ पाण्यात मासा आपल्याला लांबून बघतो.

गळाच्या टोकाचा काटा पकडीनं दाबून सपाट करा. मासा सोडायचा असेल तर हात ओले करून, पाण्यातच ठेवून सोडवा. फोटोसाठी कोरड्या हातानं वर धरलात की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि हवा गोठवणारी असेल तर कल्ल्यांना इजा होते.

कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून कुल्लूच्या रस्त्यानं औटपर्यंत बस, मग बंजारमार्गे गुशैणी. मार्चची तिकिटं लवकर भरतात, आताच काढून टाका.