नटवी घरोघरी, नटवा कुठे?

नौपाड्यातल्या भाच्याने विचारलं, ‘केस, कपडे, दाढी यांची निगा राखणाऱ्या पुरुषाला मराठीत काय म्हणतात? रंगेल चालेल?’

रंगेल अजिबात नको. रंगेल माणूस मळक्या सदऱ्यातही रंगेलच; तो शब्द कपड्यांचा नाही, लक्षणांचा आहे. गुलहौशी जरा सौम्य, पण त्यातही अत्तर आणि मैफल आली, नुसती कडक इस्त्री नाही.

गंमत नटवीची. नटवी, नटमोगरी आपण सर्रास ऐकतो. कोशात नटवाही आहे, पण तो घरात कुणी ऐकलाय? दिवाळी पहाटेला ठाण्याच्या राम मारुती रोडवर एक पोरगा उभ्या स्कूटरच्या आरशात वाकून फेट्याचा तुरा सारखा करत होता. एकदा, दोनदा, मग फोनच्या कॅमेऱ्यात पुन्हा. शेवटी बहीण ओरडली, ‘चल रे, किती नटशील!’ क्रियापद आलं, नाम नाही आलं.

पुरुषाचं कौतुक आपण करतो ते रुबाबाचं, ऐटीचं. रुबाब मुळात अरबी, धाक या अर्थाचा. म्हणजे समोरच्यावर काय छाप पडली ते मोजायचं. त्यासाठी आरशापुढे किती वेळ गेला हे विचारायचं नाही.

माझा लाडका शब्द फाकडा. देखणा, ऐटबाज आणि वर शूर. पेशवाईतले सरदार मानाजी शिंदे फाकडे तर प्रसिद्धच, पण हा किताब शत्रूलाही मिळाला. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज पनवेलला उतरून बोरघाटाने पुण्याकडे निघाली. आघाडीला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ तो पडला, आणि मराठ्यांनी त्याला ‘इष्टूर फाकडा’ करून टाकलं. स्टुअर्टचा इष्टूर करणारी जीभ मला त्या किताबाइतकीच आवडते.

हल्ली फाकडाऐवजी ‘शायनिंग मारतोय’ ऐकू येतं. त्यात टोमणा आहे, शौर्य नाही.

तर भाचेबुवा, रोजच्या वापराला ‘टापटिपीचा’ घ्या; त्यात ना टोमणा, ना नखरा. आणि आजी ‘छानछोकी’ म्हणाली असेल तर तो शब्द माणसाला लागत नाही, स्त्रीलिंगी नाम आहे ते. ‘मी छानछोकी आहे’ असं म्हणू नका. ‘छानछोकी करतो’ म्हणा, आणि आजी लगेच खर्चाचा हिशेब मागेल, कारण त्या शब्दात उधळपट्टीही बसलेली आहे.