पुण्याहून दिवेआगरला तंबूत दोन रात्री राहायचंय, मुलं बरोबर आहेत. तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की दोन कुटुंबं आहात, मुलं सात ते अकरा वर्षांची आहेत, डिसेंबरातला शनिवार-रविवार धरून दोन रात्री राहायचंय आणि चांदणं मिळावं म्हणून शक्यतो पौर्णिमा साधायची आहे. महिना उत्तम निवडलात. पौर्णिमा मात्र आधी खोडा, बाकीचं सगळं नंतर.

कारण सांगते. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पाणी पूर्ण भरलेलं. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, तिकडच्या भाषेत सुकती. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाजाला हा हिशेब पक्का आहे. आता पौर्णिमेला लावून बघा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला रात्री अकरा-बाराच्या सुमाराला भरती, आणि तीही उधाणाची, पंधरवड्यातली मोठ्यातली मोठी. याच हिशेबाने संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. पुण्याहून निघालेला माणूस जेवून-खाऊन, आराम करून किनाऱ्यावर तंबू टाकायला नेमका त्याच वेळी पोचतो. समोर लांबच लांब वाळू दिसते, समुद्र कुठेतरी दूर पांढऱ्या रेघेसारखा, आणि मनात येतं की इथवर पाणी कशाला येतंय!

आमच्यावर ही वेळ त्रिपुरी पौर्णिमेला आली होती. दापोलीकडच्या एका किनाऱ्यावर तीन तंबू होते आणि माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. साडेदहाला सगळे झोपलो. मला जाग आली ती पाठीखाली गार लागलं म्हणून. तंबूच्या तळाखालून पाणी सरकत होतं, बाहेर काढून ठेवलेल्या चपला गेल्या होत्या. कुणाला काही झालं नाही. पण अंधारात तीन तंबूंमधली मुलं मोजताना, एक कमी भरली तर काय, हा जो विचार आला तो मी अजून विसरलेले नाही. सकाळी जाळं घेऊन निघालेल्या एका आजोबांनी एवढंच विचारलं, "आज तिथी कोणती ते बघितलं नव्हतंत?"

म्हणून हॉटेल, गाडी, तंबू यांच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि अष्टमी ते दशमी ज्या शनिवार-रविवारी येते तो निवडा. या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही. अष्टमीचा हिशेब बघा: आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी दुपारी आणि मध्यरात्री बाराला. तुम्ही गाढ झोपेत असताना समुद्र लांब गेलेला असतो. चांदण्याची हौसही भागते, फक्त शुक्ल पक्षातली अष्टमी घ्या. चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे मुलांची जेवणं चांदण्यात होतात आणि उशिरापर्यंत जागणाऱ्यांना नंतर तारे दिसतात. निघण्याआधी मुरूड किंवा हर्णै बंदराच्या भरतीच्या नेमक्या वेळा मोबाईलवर बघून कागदावर लिहून घ्या. तिकडे रेंजचा भरवसा धरू नका.

समुद्रात खेळण्याची वेळही याच हिशेबातून निघते. भरती सहाला म्हणजे दुपारी बारापासून पाणी किनाऱ्याकडे येत असतं, तेव्हा साडेतीन ते पाच मुलांना डुंबू द्या. सकाळी सहानंतर पाणी परत जाऊ लागतं, आणि उतरत्या पाण्याची ओढ जास्त असते. त्या वेळी फक्त ओल्या वाळूवर फिरायचं, शंख-शिंपले वेचायचे, खेकड्यांची बिळं बघायची. चढतं पाणी असलं तरी मोठ्यांपैकी एकाने काठावर कोरडं उभं राहून फक्त मुलांकडे बघायचं, फोन न घेता. मुलं गुडघ्याच्या वर पाण्यात नकोत. कुणी ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत ओढीतून बाहेर पडायचं. हे मुलांना आणि मोठ्यांनाही घरीच सांगून ठेवा. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्यातले चौदा विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून "आपले सगळे पोहणारे आहेत" हे वाक्य मला ऐकवत नाही. तलावातलं पोहणं निराळं.

आता तंबू कुठे टाकायचा. माझं स्पष्ट मत आहे की मुलं बरोबर असताना उघड्या किनाऱ्यावर टाकूच नये. दिवेआगरला किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि बरेच वाडीवाले घरगुती राहण्या-जेवणाची सोय करतात. आधी फोन करून अंगणात तंबू लावू द्याल का, म्हणून विचारा. पैसे आनंदाने द्या. विहिरीचं पाणी, संडास-बाथरूम आणि दारात एक जाणतं माणूस मिळतं. किनाऱ्यावरच राहायचा आग्रह असेल तर ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय नको.

वाडीतही जागा बघूनच घ्या. नारळाच्या झाडाखाली तंबू कधीही लावू नका. नारळ तर पडतोच, पण वाळलेली झावळीही चांगली जड असते. सुरूच्या झाडाखालीही मी लावत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातली झाडं मोठ्या प्रमाणावर आडवी केली, आणि जी उरली त्यातलं कुठलं आतून खिळखिळं आहे ते आपल्याला कळत नाही. मोकळ्या अंगणाचा कोपरा मागून घ्या.

किनाऱ्यावर नुसतं बसायचं असलं तरी एक खूण मुलांना दाखवा. वाळूच्या वरच्या अंगाला आपट्यासारख्या जोडपानांची, जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिचं नाव मर्यादवेल. रोजच्या भरतीचं पाणी जिथवर येत नाही तिथे ती वाढते, म्हणून तिच्या समुद्राकडच्या बाजूला सामान ठेवायचं नाही. इतकं नेमकं नाव कुणी ठेवलं असेल याचं मला दर वेळी नवल वाटतं.

सामानाचं थोडक्यात. तंबू भाड्याने घेणार असाल तर एकदा घराजवळच्या मैदानात लावून बघा, अंधारात काड्या जोडायला शिकू नका. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची, मग वारा कितीही सुटू दे. डिसेंबरात पहाटे दव इतकं पडतं की वरचं आवरण निथळतं, तेव्हा ते काढून ठेवायचा मोह टाळा. खाली ताडपत्री, प्रत्येकाला एक पातळ पांघरूण, डासांचं मलम, सकाळी पाय घालण्याआधी बूट झटकायची सवय. रात्रीचं जेवण वाडीवाल्यांकडेच सांगा. तांदळाची भाकरी आणि सोलकढी सोडून पाकिटातल्या शेवया उकळत बसण्यात काय अर्थ आहे?

शेकोटी हवीच असेल तर मालकांना विचारून, सुरूच्या बनापासून लांब. वाळलेली सुरूची पानं भसकन पेटतात. आणि विझवताना वाळू टाकून निखारे पुरायचे नाहीत, पाणी ओतायचं. वाळूखाली निखारा कितीतरी तास धगधगत राहतो, आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या पोराचा पाय नेमका तिथे पडतो.

रात्री किनाऱ्यावर प्रखर बॅटऱ्या आणि स्पीकर नकोत, ही माझी कळकळीची विनंती. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या किनाऱ्यांवर अंडी घालायला वर येतात. उजेड-गोंगाट दिसला तर मादी तशीच परत जाते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, म्हणजे एक परतलेली मादी किती महागात पडते बघा. बॅटरीला लाल जिलेटीन कागद गुंडाळला की भागतं. मुलांना पिल्लं बघायची असतील तर त्यासाठी वेगळी फेरी करा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कासवांच्या पिल्लांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वेळास गावात गावकऱ्यांच्या घरी राहायचं, तिथे तंबूचा विषय काढू नका.

रस्ता ताम्हिणीचा घ्या: चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. साधारण एकशे साठ किलोमीटर, मुलांच्या थांब्यांसकट पाच तास धरा. पहाटे साडेपाचला निघालात तर जेवणाआधी पोचता आणि उजेडात तंबू लागतो. गाडी वाळूवर मुळीच नेऊ नका. चाकं रुतली की ट्रॅक्टर शोधेपर्यंत भरती थांबत नाही. परतताना दुपारी बाराच्या आत निघा, म्हणजे घाट दिवसाउजेडी पार होतो.

घरी आल्यावर तंबू तसाच गुंडाळून माळ्यावर टाकू नका. काड्या आणि चेन गोड्या पाण्याने धुवा, कापड गच्चीवर सावलीत दोन दिवस वाळवा, नाहीतर खाऱ्या हवेने चेन धरते आणि कापडाला बुरशी येते. तारीख ठरली की तिथीसकट इथेच कळवा, दोन्ही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा मी मांडून देते.