चीनमधले रंगीत, ताठ उभ्या केसांचे 'शामाते' म्हणजे शहरातल्या श्रीमंत घरच्या मुलांचं फॅड होतं का?

नाही, जवळजवळ उलटं होतं. शामाते ही मुख्यतः खेड्यांतून येऊन दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या पोरापोरींची फॅशन. २०००च्या दशकाच्या उत्तरार्धात ती फोफावली. आईबाप शहरात मजुरीला, मूल गावी आजी-आजोबांकडे, शाळा अर्धवट सुटलेली आणि मग कमी वयातच असेंब्ली लाइनवर लांबलचक पाळ्या, असा यातल्या अनेकांचा प्रवास. शहरात राहायचं, पण हुकौ (घरनोंदणी) गावाची, त्यामुळे शहरी सोयींवर पुरता हक्क नाही. अशा वेळी केस ही एकच गोष्ट स्वस्तात आपल्या मनासारखी करता येत होती. शिवाय भडक अवतार पाहून कोणी वाटेला जात नाही, असंही ते सांगत. ओळखी जुळत क्यूक्यू या चिनी चॅट अ‍ॅपवरच्या ग्रुपमध्ये आणि प्रत्यक्ष भेटी त्याच प्रांतातल्या दोंगग्वान शहराच्या शिपाय नावाच्या भागातल्या बागेत, स्केटिंग रिंकवर. ली यीफान यांच्या २०१९च्या माहितीपटात या मुलांच्या मुलाखती आहेत. वरचं बरंचसं त्यातूनच कळतं. शहरी नेटकऱ्यांनी मात्र त्यांना गावंढळ म्हणून यथेच्छ झोडपलं, त्यांच्या ग्रुपमध्ये घुसून ते मोडलेसुद्धा. केस पाहून कारखाने नोकरी नाकारत, तेव्हा बऱ्याच जणांनी निमूट कात्री लावली.

एक लक्षात घ्या: हे चीनमधल्या सगळ्या उपसंस्कृतींना लागू नाही. हानफू म्हणजे पारंपरिक हान पोशाख मिरवणारी मंडळी किंवा कॉस्प्लेवाले (कार्टून, गेममधल्या पात्रांचा वेश करणारे) यांच्यात विद्यार्थी आणि मध्यमवर्गीय बरेच दिसतात, आणि तिथे खिसाही चांगलाच हलका होतो.