विक्रीपत्र अर्जनवीसाकडून करून घ्यावे का?

प्रश्न : बेसा भागातील एका जुन्या लेआउटमध्ये आम्ही प्लॉट घेत आहोत. रजिस्ट्रीचे सगळे काम ओळखीचा अर्जनवीस (दस्त लिहून देणारा) करून देईल, वकिलाची गरज नाही, असे दलाल सांगतात. माझे भाऊजी मात्र वकिलाशिवाय पुढे जाऊ नका म्हणतात. वकील नसलेल्यांना हे काम करू द्यावे का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीपत्राची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली आहे, परंतु ते वकिलानेच लिहावे, असे तो कायदा म्हणत नाही. अनेक अनुभवी अर्जनवीस चतुःसीमा, क्षेत्रफळ आणि खसरा क्रमांक बिनचूक लिहितात. त्यांच्यावर बंदी घातल्यास लहान खरेदीदाराचा खर्चच वाढेल, म्हणून मला ती मान्य नाही.

मात्र दस्त लिहिणे वेगळे आणि विकणाऱ्याचा मालकी हक्क निर्दोष आहे, असे सांगणे वेगळे. ते तपासणे हे दस्ताची नोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकाचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी पक्की झाली, हा आपल्याकडचा सर्वसाधारण समज धोक्याचा आहे. नागपुरात तर हा धोका अधिक आहे. कारण जुन्या लेआउटमधील कित्येक प्लॉट केवळ मुखत्यारपत्रावर हातोहात फिरले आहेत, आणि अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, हे त्याच न्यायालयाने 2011 मध्येच सांगितले आहे. नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) प्लॉटसाठी दिलेले आरएल पत्र खरे आहे का, मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करणाऱ्या 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित झाला आहे का, मूळ शेतकऱ्याच्या मुलींनी हक्कसोड केली आहे का, हे नासुप्रच्या नोंदी, जुने फेरफार आणि मागील 30 वर्षांच्या सूची क्रमांक 2 (नोंदणी झालेल्या दस्तांची सूची) वाचूनच कळते. हे मत वकिलानेच, आपल्या सहीने द्यावे. त्याने गैरवर्तन केले तर 1961 च्या अधिवक्ता कायद्याखाली बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. दलालाच्या माणसाबाबत ती सोय नाही, शिवाय व्यवहार पूर्ण होण्यातच दलालाचे हित असते.

आपले भाऊजी बरोबर सांगत आहेत. विक्रीपत्र अर्जनवीसाकडून लिहून घेण्यास हरकत नाही. परंतु इसार देण्यापूर्वी, दलालाने न सुचवलेल्या वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा, आणि हक्कात दोष आढळल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल, अशी अट इसारचिठ्ठीत लिहून घ्यावी.