श्वासाचा रकाना

प्रिय बाळ,

नर्सच्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात नेमकं काय शिकू, असं विचारलंस. पुस्तकातलं तुला माझ्यापेक्षा ताजं आठवत असणार, ते पुन्हा घोकून घेत नाही. मी एका रकान्याबद्दल लिहिते.

वॉर्डातले टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींचे कागद काढ आणि श्वासाचा रकाना वरून खाली वाच. २०, २०, २०, २०. दहा पेशंट आणि दहाही जण मिनिटाला २० श्वास घेतात, तेही रात्रंदिवस. इतक्या शिस्तीत कोणी श्वास घेत नाही गं! ताप थर्मामीटर सांगतो, बीपी मशीन सांगतं. श्वास मात्र पेशंटजवळ उभं राहून मोजावा लागतो, म्हणून तोच अंदाजाने लिहिला जातो. आणि माणूस बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी उतरण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो.

नवी होते तेव्हा मीही एका पेशंटचा श्वास असाच २० लिहिला होता. इंचार्ज सिस्टर राउंडला आल्या, त्या पेशंटच्या पायथ्याशी थांबल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. पूर्ण एक मिनिट. मग चार्ट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "३४. डॉक्टरांना फोन कर." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पेशंट वाचला, पण त्यात माझा काही हात नव्हता.

तेव्हापासून मी मनगट धरते, नाडी बघतेय असं दाखवते आणि नजर छातीवर ठेवते, कारण 'श्वास मोजते' म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचा आरामात असताना १२ ते २० असतो. २५ किंवा वर गेला तर सकाळच्या राउंडची वाट बघत बसू नकोस.

इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसने १९५३ मध्ये नर्सेससाठी आचारसंहिता स्वीकारली. ती वेळोवेळी सुधारली गेली, २०२१ मध्येही. तीत नर्सची पहिली जबाबदारी सांगितली आहे ती ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या माणसाशी. डॉक्टरांशी नाही, इंचार्जशी नाही, नीटनेटक्या चार्टशी तर नाहीच. न मोजता लिहिलेला आकडा मला म्हणून खोट्या सहीसारखा वाटतो.

औषध देताना "तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नकोस. झोपेतला, तापातला, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हण, मग हातातला पट्टा बघ. इन्सुलिनच्या आकड्यापुढे नुसतं 'यू' लिहिलेलं असेल तर पुन्हा विचार. तो 'यू' शून्यासारखा वाचला जातो आणि ४ चे ४० होतात. 'युनिट' पूर्ण लिहून माग. डॉक्टर कुरकुरतील, कुरकुरू देत.

चूक तुझ्याही हातून होईल. झाली की आधी पेशंटकडे धाव, मग डॉक्टरांना सांग, मग लिही. क्रम हाच. चार्टवर गिरवू नकोस, पांढरं लावू नकोस. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद, वेळ आणि सही. जिथे चूक कबूल करणारीलाच सगळ्यांसमोर झापतात असे वॉर्ड मी पाहिलेत. तिथे चुका कमी नव्हत्या, फक्त दिसत नव्हत्या.

आणि 'पेशंट ऐकत नाही' असं लिहिण्याआधी जरा थांब. एक आजी संध्याकाळची लघवीची गोळी रोज परत करायच्या. तीन दिवस केसपेपरवर 'गोळी नाकारली' एवढंच. चौथ्या दिवशी मी कॉटवर नाही, स्टूल ओढून शेजारी बसले आणि का घेत नाही ते विचारलं. म्हणाल्या, "रात्री चारदा उठावं लागतं. संडास त्या टोकाला. अंधारात पडले तर? आणि तुम्हा पोरींना किती वेळा उठवू?" डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ सकाळची करून घेतली, आजींची कॉट संडासाजवळ हलवली. प्रश्न मिटला. समजा, सगळं समजावूनही त्यांनी नाहीच म्हटलं असतं, तर तो त्यांचा हक्क होता. मग परिणाम सांगायचे, डॉक्टरांना कळवायचं आणि त्यांच्याच शब्दांत नोंद करायची. गोड बोलून, फसवून, पाण्यात विरघळवून द्यायची नाही.

पडदा ओढल्याशिवाय कोणाचं पांघरूण काढू नकोस, हे सांगायला नकोच. बेशुद्ध असला तरीही.

पहिला पगार झाला की एक घड्याळ घे, सेकंदकाटा असलेलं, छातीवर अडकवायचं. मनगटावरचं नको, हात धुताना मध्ये येतं.

तुझी,
सिस्टर