राज्यशास्त्रात पुढे शिकायचंय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

अमेरिकेतल्या बहुतेक पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, थोड्या विद्यापीठांची जानेवारीत. त्यामुळे गणपती गेले की या विषयावरची पत्रं वाढतात. पुन्हापुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी टीवायबीएला आहे, राज्यशास्त्र घेऊन. सीजीपीआय ८.६ आहे. अमेरिकेत बीएनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो असं ऐकलं. आधी इथे एमए करू की सरळ अर्ज टाकू? — विद्यार्थिनी, डोंबिवली

ऐकलंत ते खरं आहे. तिकडे पीएचडीला एमएची अट बहुतेक ठिकाणी नसते. पहिली दोन वर्षं वर्गात बसून शिकायचंच असतं आणि एमए अनेकदा वाटेतच मिळतं. अडचण निराळी आहे. आपली बीए तीन वर्षांची, तिकडची चार. काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी चालवून घेतात, काही साफ नाकारतात. हा नियम राज्यशास्त्र विभागाच्या पानावर बहुधा सापडत नाही, ग्रॅज्युएट स्कूलच्या (सगळ्या विभागांचं पदव्युत्तर शिक्षण पाहणाऱ्या कचेरीच्या) पानावर असतो. तो न वाचता फी भरली तर अर्ज छाननीतच बाद होतो आणि फी परत मिळत नाही.

नियमात बसत असाल तरीही आमचं मत एमए करा, असंच आहे. बीएपर्यंत आपल्याकडे स्वतःचा असा वीस पानी संशोधन लेख नसतो, आणि आपलं काम जवळून पाहिलेले तीन प्राध्यापकही नसतात. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे. जेएनयू, दिल्ली किंवा हैदराबादला जायचं तर सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कुठेही गेलात तरी डिसर्टेशनचा (लघुप्रबंधाचा) पर्याय असेल तर तो सोडू नका, आणि संख्याशास्त्राचा एखादा पेपर जरूर घ्या. तिकडच्या पहिल्या सत्रात आपली मुलं गडबडतात ती बहुतेक वेळा रिग्रेशनपाशी, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध आकड्यांत मोजण्याच्या पद्धतीपाशी.

प्रश्न : एसओपीची (अर्जासोबतच्या उद्देशपत्राची) सुरुवात मी 'लहानपणापासून घरात राजकारणाच्या गप्पा ऐकत वाढले' अशी केली आहे. मैत्रीण म्हणते, छान आहे. तुम्हाला काय वाटतं? — एमए विद्यार्थिनी, परळ

काढून टाका. निवड समितीतले प्राध्यापक एका बैठकीत ढिगाने अर्ज वाचतात आणि अशी सुरुवात त्यातल्या निम्म्यांची असावी. 'पुढे यूपीएससी करून देशसेवा' हे वाक्यही नको. पीएचडी ही संशोधक घडवण्याची जागा आहे. अधिकारी व्हायचं असेल तर पाच वर्षं इथे का घालवता, असा प्रश्न त्यांना पडणारच.

पहिल्या परिच्छेदात प्रश्न हवा. विषय आणि प्रश्न यांत फरक आहे, आणि बहुतेक एसओपी तिथेच घसरतात. 'मुंबईतील स्थानिक राजकारण' हा विषय झाला. आता हे पाहा : मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि पुढे कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. त्या काळात पाण्याची, गटाराची तक्रार घेऊन लोक कुणाकडे गेले? आमदाराकडे, पक्षाच्या शाखेत, की थेट वॉर्ड ऑफिसात? झोपडपट्टीत आणि सोसायट्यांत याचं उत्तर वेगळं आलं का? हा प्रश्न झाला. त्याला जोडून लिहायचं, की मध्यस्थांच्या राजकारणावर आजवर जे लिहिलं गेलंय त्यावरून काय घडायला हवं होतं आणि तुमच्या मते ते कुठे जुळत नाही. म्हणजे मुंबईबद्दल काडीचं कुतूहल नसलेला प्राध्यापकही पुढे वाचेल.

एक उदाहरण देण्याजोगं आहे. महापालिकेत महिलांसाठी कोणते वॉर्ड राखीव, हे सोडतीने ठरतं. आपल्याला त्यात फक्त कुणाचा पत्ता कट झाला एवढंच दिसतं. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांना त्या सोडतीत नैसर्गिक प्रयोग दिसला, म्हणजे संशोधकाने न घडवता आपोआप घडलेला प्रयोग. आरक्षण उठल्यानंतरही त्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता, आधी कधी राखीव नसलेल्या वॉर्डापेक्षा सुमारे पाचपट होती, हा त्यांचा निष्कर्ष २००९ साली 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू'त छापून आला. माहिती सगळी इथलीच, महापालिकेच्या निकालांची.

बाकीचा एसओपी थोडक्यात आटपा. शब्दमर्यादा साधारण हजारची असते. कोणते पेपर शिकलात, कोणती पद्धत येते, कोणत्या भाषा येतात. मराठी लिहा, मोडी वाचता येत असेल तर तीही लिहा. शेवटी त्या विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांशी तुमचा प्रश्न कुठे जुळतो ते सांगा. नावं टाकण्याआधी ती व्यक्ती निवृत्त झालेली नाही आणि दुसऱ्या विद्यापीठात गेलेली नाही, याची खात्री करा. नुसतं मोठं नाव टाकलं की लगेच कळतं.

प्रश्न : सर म्हणाले, 'शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो.' तीनपैकी दोघांचं हेच उत्तर. काय करू? — विद्यार्थी, ठाणे

लिहू नका. नैतिकतेचा प्रश्न आहेच, शिवाय व्यवहारातही हे अंगाशी येतं. एकाच हाताने लिहिलेली दोन-तीन पत्रं शेजारी ठेवली की शैली ओळखू येते. आणि स्वतःबद्दल लिहिताना माणूस 'मेहनती, नम्र, वक्तशीर' यापुढे जात नाही. समितीला हवं असतं ते असं : वर्गातल्या कोणत्या चर्चेत याने काय मुद्दा काढला, ट्युटोरियलमधला युक्तिवाद कुठे कच्चा होता आणि तो त्याने कसा दुरुस्त केला, गेल्या काही वर्षांच्या विद्यार्थ्यांत हा कितवा. हे सरांनाच माहीत असतं, फक्त आठवत नसतं.

म्हणून त्यांना एक पान कच्चा माल द्या. कोणत्या सत्रात कोणता पेपर, किती गुण, निबंधाचा विषय, त्यातला मुख्य मुद्दा, सोबत जुना तपासलेला निबंध, एसओपीचा मसुदा आणि मुदतींची यादी. हे करून दिलं की 'तूच लिही' म्हणणारे बरेच प्राध्यापक स्वतः लिहायला बसतात. निदान सहा आठवडे आधी विचारा. मध्ये दिवाळीची सुट्टी येते, सत्र परीक्षांचे पेपर तपासायचे असतात, आणि तेव्हा केलेला फोन कुणालाच आवडत नाही.

दोन बारीक गोष्टी. पत्र तुम्ही अपलोड करायचं नसतं. अर्जात सरांचा ईमेल भरला की लिंक थेट त्यांना जाते. तो पत्ता शक्यतो कॉलेजचा द्या. जीमेल असेल तर पत्र लेटरहेडवर, सहीनिशी हवं. आणि 'पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?' याला 'हो' म्हणा. 'नाही' म्हटलं तर पत्राचं वजन कमी होतं.

प्रश्न : माझं डिसर्टेशन मराठीत आहे, नव्वद पानांचं. रायटिंग सॅम्पल (अर्जासोबतचा लेखनाचा नमुना) म्हणून इंग्रजी भाषांतर चालेल का? — पनवेल

चालेल, पण अख्ख्याचं करत बसू नका. मागतात साधारण वीस ते तीस पानं. सगळ्यात भक्कम प्रकरण घ्या आणि इंग्रजीत नव्याने लिहा : प्रश्न काय, आधी कोण काय म्हणालं, पुरावा कोणता, आणि याच पुराव्याचा दुसरा अर्थ लावता येईल का. हा शेवटचा भाग आपल्या डिसर्टेशनमध्ये सहसा नसतो. तो घाला. पहिल्या पानावर तळटीप द्या की मूळ काम मराठीत होतं. मराठी वृत्तपत्रं, मुलाखती, ग्रामसभेची इतिवृत्तं वापरली असतील तर लपवू नका, तीच तुमची जमेची बाजू. निवडणुकीवर काम असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा फॉर्म २० पाहा. त्यात विधानसभा-लोकसभेचे आकडे मतदान केंद्रानुसार मिळतात. वर्तमानपत्रातल्या मतदारसंघनिहाय बेरजेपेक्षा त्यातून कितीतरी जास्त सांगता येतं.

प्रश्न : जीआरई (तिकडच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) द्यावी का? — भांडुप

यादीतल्या किती विभागांना ती सक्तीची आहे ते मोजा, कारण बऱ्याच ठिकाणी आता ऐच्छिक आहे किंवा पाहतच नाहीत. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. गुण पाच वर्षं चालतात आणि परीक्षेच्या दिवशी चार ठिकाणी फुकट पाठवता येतात. गणिताचा कुठलाही पुरावा गुणपत्रिकेत नसेल, तर क्वांटचे (जीआरईतल्या गणिताच्या भागाचे) चांगले गुण ऐच्छिक ठिकाणीही उपयोगी पडतात.

प्रश्न : बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत. परदेशात शिकायचं स्वप्न बघणंच चूक आहे का? — विद्यार्थी, वडाळा

चूक नाही, पण पीएचडी आणि एमएचा हिशेब वेगळा मांडा. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएचडीला फी माफ असते आणि साधारण पाच वर्षं स्टायपेंड मिळतो. त्या बदल्यात शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करायची. फंडिंग नसलेला पीएचडीचा प्रवेश घेऊच नका. देकार आला की विचारा : स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, आरोग्य विमा त्यात आहे का, उन्हाळ्यात काय. उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत वेळ मिळतो, घाई करू नका. २०२५ मध्ये अनेक विद्यापीठांनी जागा कमी केल्या, काही विभागांनी प्रवेशच थांबवले. म्हणून फी भरण्याआधी यंदा प्रवेश आहेत ना, ते पाहा. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. फी माफी मागता येते, मात्र काही ठिकाणी ती फक्त अमेरिकन नागरिकांना असते.

एमएला मात्र पैसे आपलेच. लंडनची एक वर्षाची पदवीही घर गहाण टाकायला लावते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी परतावं लागतं. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून आहे, पण ती कर्ज शिष्यवृत्ती, म्हणजे परतफेड आली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये एक खाच आहे : २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारताची संस्कृती, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले. राज्यशास्त्रवाल्यांना हा थेट फटका आहे. चालू वर्षाची सूचना शब्दन् शब्द वाचल्याशिवाय संशोधनाचा विषय अर्जात लिहू नका.

प्रश्न : वय ३४, ज्युनियर कॉलेजला शिकवते, सेट (राज्याची प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झाली आहे. नोकरी सांभाळून मुंबईतच पीएचडी करायची आहे. नेट (तशीच देशपातळीवरची परीक्षा) पुन्हा देऊ का? — शिक्षिका, कल्याण

नोकरी सोडायची नसेल तर नेटच्या मागे लागू नका. सेट असल्यामुळे विद्यापीठाच्या पेट या पीएचडी प्रवेश परीक्षेतून सूट मिळते, मुलाखत मात्र द्यावी लागते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडी बसते, पण संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. गाडी तिथेच अडते, तेव्हा प्राचार्यांशी आधी बोला. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, आणि महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे.

जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, हवी असेल तर गोष्ट वेगळी. वयोमर्यादा ३० आहे, महिलांना पाच वर्षांची सूट, म्हणजे तुमच्या हाती फार वेळ नाही. दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पण नोकरी करून ती घेता येत नाही. शिवाय सेटचा पेपर मराठीत मिळतो, नेटचा फक्त इंग्रजी-हिंदीत.

प्रश्न : मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, वडिलांचं आणि आईचं नाव आहे. पासपोर्टवर क्रम वेगळा. अडेल का? — घाटकोपर

अडत नाही, गोंधळ तुम्ही वाढवला नाहीत तर. अर्ज, जीआरई, आयईएलटीएस, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भरा आणि अर्जातल्या 'अन्य नावे' या रकान्यात मार्कशीटवरचं पूर्ण नाव लिहा. सीजीपीआयचं चारच्या मापात रूपांतर स्वतः करू नका. दहापैकी आहे तसा लिहा आणि श्रेणीचा तक्ता छापलेली बाजूही स्कॅन करा. अर्ज करताना बहुतेक ठिकाणी स्कॅन पुरतो, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात. तरी ती आधीच काढून ठेवलेली बरी. स्वायत्त कॉलेज असेल तर आधी तिथल्या परीक्षा विभागात विचारा, नाहीतर कलिन्याच्या परीक्षा भवनाची फेरी फुकट जाईल.

मुदतीचं एक गणित : न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे ११.५९ म्हणजे डिसेंबरात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०.२९, आणि कॅलिफोर्नियाचे असतील तर दुपारचे १.२९. पण शेवटच्या तासात कार्ड पेमेंट अडकलं तर बँकेच्या हेल्पलाइनवर ताटकळण्यात ही सवलत संपते, तेव्हा फी दोन दिवस आधी भरा.