पैसे घ्या, चाव्या देऊ नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. देवगड-मालवणकडची तुम्ही पाच-सहा मुलं मालवणी शब्दसंग्रह आणि मोबाइलचा कीबोर्ड ओपन सोर्स म्हणून, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवून, चालवताय. आता एक कंपनी वर्षभर पैसे द्यायला तयार आहे, मुख्य कोड लिहिणाऱ्याला नोकरीही देते म्हणते. बदल्यात रेपॉझिटरी, म्हणजे कोडचं भांडार, गिटहब या साइटवरच्या त्यांच्या खात्यावर न्यायची आणि यापुढे कोड देणाऱ्या प्रत्येकाने त्याचे हक्क कंपनीच्या नावे लिहून द्यायचे. हो म्हणावं का?

पैशाला आणि नोकरीला हो म्हणा. रेपॉझिटरी आणि हक्कांच्या अटींना नाही.

कंपनीचा पैसा आला की प्रकल्प बाटला, असं मानणारे आपल्यात बरेच आहेत. मला ते पटत नाही. इंटरनेटवरची माहिती सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरवर निम्म्या जगाचे ऑनलाइन व्यवहार विसंबून होते, तेव्हा त्यांच्या फाउंडेशनला वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळायची. २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं आणि मग मोठ्या कंपन्यांना खिशात हात घालायचं सुचलं. फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडचं तर त्याहून वाईट. एकटा, थकलेला मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारा. मदतीला आलेल्या एका सोज्वळ माणसाने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो पकडला आंद्रेस फ्रॉइंडने. हा गृहस्थ मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसचं काम करतो. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याच्या मागे लागायला त्याच्याकडे सवड होती. फुकट राबणाऱ्याला ती क्वचितच मिळते.

म्हणजे पैसा हवाच. पण देणारा उद्या विकला गेला, त्याचं धोरण फिरलं, तर तुमच्या हातात काय उरतं ते आज बघून ठेवा. ओपनऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं खुलं सॉफ्टवेअर सन कंपनीच्या आधाराने वाढलं. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि सप्टेंबरात स्वयंसेवक बाहेर पडले. लायसन्समुळे कोड त्यांना नेता आला, पण नाव नेता आलं नाही. त्यांनी मागितलं, ओरॅकलने दिलं नाही, म्हणून लिब्रेऑफिस असं नवं नाव घेऊन लोकांना पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागलं. जून २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं, तोवर काम करणारे बरेच जण लिब्रेऑफिसकडे रमले होते.

हक्क लिहून देण्याचं उदाहरण टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या सॉफ्टवेअरचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीने त्याचं लायसन्स बदलून स्पर्धकांच्या धंदेवाईक वापरावर बंधनं घातली. बाहेरच्यांनी दिलेल्या कोडवरही कंपनीला तसे हक्क मिळालेले होते, त्यामुळे कुणाला विचारायची गरजच पडली नाही. विरोध करणाऱ्यांनी जुना खुला कोड घेऊन ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे वेगळी चूल, काढला. त्यांच्या पाठीशी इतर कंपन्या होत्या. तुमच्या पाठीशी कोण आहे?

देवगडच्या माणसाला कल्टारचं, आंब्याला मोहोर आणायच्या औषधाचं, गणित नव्याने सांगायला नको. बेताने दिलं, खत घातलं, तर हापूस दरवर्षी धरतो. पण करारावर बाग घेणारा मात्रा वाढवतो आणि खताला हात आखडता घेतो, कारण झाड त्याचं नसतं. दोष कल्टारचा नाही, तसा पैशाचाही नाही. दापोलीच्या विद्यापीठाने मात्रा ठरवून दिलेलीच आहे.

पोस्टग्रेसवाल्यांनी तशी मात्रा ठरवली आहे: त्यांच्या कोअर टीममध्ये एकाच कंपनीचे निम्म्याहून जास्त लोक असू नयेत. २०२० मध्ये एका कंपनीने दुसरी विकत घेतली आणि आपोआप हा नियम मोडला, तेव्हा त्यांनी बाहेरचे दोघे घेऊन पाचाची टीम सातांची केली. त्यातला एक हाच फ्रॉइंड. तुमचा एक जण नोकरीला लागणार असेल तर नवा कोड मर्ज, म्हणजे मुख्य कोडात सामील, करायचा अधिकार कंपनीबाहेरच्या किमान दोघांकडे ठेवा, आणि आठवड्याचे किती तास तो कीबोर्डवर काम करणार ते त्याच्या नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर सहा महिन्यांत बदलतो.

आता तुम्ही विचारलंच नाहीत ते. प्ले स्टोअरचं खातं आणि अ‍ॅपची साइनिंग की, म्हणजे अपडेटवर सही करायची डिजिटल किल्ली, कुणाकडे आहे? तुमचं अ‍ॅप कीबोर्डचं आहे. माणूस पासवर्डपासून डॉक्टरला पाठवलेल्या मेसेजपर्यंत जे टाइप करतो ते सगळं त्यातून जातं. ज्याच्या हातात खातं आणि की, तो उद्या काहीही अपडेट सोडू शकतो आणि रेपॉझिटरीत त्याचा मागमूस दिसणार नाही. ते खातं, ती की, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि नाव तुमच्यातल्या दोन-तीन जणांच्या ताब्यात असू द्या. जमलं तर साधी संस्था नोंदवा. खटपट आहे, पण एकाच्या नावावर सगळं असण्यापेक्षा बरं.

दुसरा दाता शोधायला आजच लागा. फॉस युनायटेडकडे अर्ज करून बघा, ते भारतातल्या अशा प्रकल्पांना अनुदान देतात. झेरोधाचा फ्लॉस फंडही आहे, पण त्याची रक्कम १०,००० डॉलरपासून सुरू होते, तुमच्यासाठी अजून थोडं लवकर वाटतं.

कंपनीला उलट प्रस्ताव पाठवा: वेबसाइटवर लोगो, वर्षाचे पैसे, लायसन्स आहे तेच, रेपॉझिटरी जागच्या जागी. "आमच्या वकिलांना हे चालणार नाही" असं उत्तर आलं, तर कुठलं कलम चालत नाही ते लेखी मागा आणि इथे टाका, आपण बघू.